कोरड्या कुरणांतली गाळाची माती

कमी पावसाच्या चराऊ प्रदेशात ओढ्या-नाल्यांनी आणून टाकलेल्या गाळावर जी माती असते तिची ही नोंद. ती सापडते पूरमैदानात, ओढ्याकाठच्या जुन्या पायऱ्यांवर (म्हणजे आता उंचावर राहिलेल्या जुन्या पूरमैदानाच्या सपाट पट्ट्यांवर), आणि डोंगराच्या पायथ्याशी जिथे पाण्याचा वेग एकदम पडतो आणि गाळ पंख्यासारखा पसरतो तिथे. "माती तयार होते" असं म्हणायची पद्धत आहे, पण इथे माती घडायला निवांत वेळच मिळत नाही, जरा कुठे वरचा थर मुरायला लागला की पुढचा पूर येतो आणि त्याच्यावर नवीन गाळ टाकून जातो. त्यामुळे ही माती खोल असली तरी वयाने लहान असते, आणि तिचं निम्मं चरित्र हवामानापेक्षा कुठल्या पुराने काय आणलं यावर ठरलेलं असतं.

अमेरिकी मृदा वर्गीकरणात अशा बऱ्याचशा माती एन्टिसॉल (थर न घडलेली तरुण माती) या गटात, त्यातल्या फ्लुव्हेंट (वाहत्या पाण्याच्या गाळाची) उपगटात आणि कोरड्या प्रदेशातल्या म्हणून टोरिफ्लुव्हेंट या नावाखाली येतात. जरा जुन्या, जिथे खाली चुन्याचा किंवा चिकणमातीचा नीट थर जमलाय, त्या कोरड्या प्रदेशातल्या घडलेल्या मातीच्या गटात, म्हणजे अ‍ॅरिडिसॉलमध्ये जातात. आंतरराष्ट्रीय पद्धतीत तरुण मातीला फ्लुव्हिसॉल म्हणतात. "कोरडी" हे सुद्धा मोघम नाही बरं का. ५० सेंमी खोलीवर मातीचं तापमान ५ अंश सेल्सिअसच्या वर असतं असे वर्षातले जेवढे दिवस, त्यातल्या निम्म्याहून जास्त दिवस मुळांच्या पट्ट्यातली माती पूर्ण कोरडी असली पाहिजे, आणि तापमान ८ अंशांच्या वर असताना सलग ९० दिवस ओल टिकता कामा नये. म्हणजे गवताला कामाचा काळ किती तोकडा मिळतो ते यावरून कळतं.

या मातीची ओळख करून घ्यायची तर घळीचा उभा तुटलेला काठ गाठावा आणि फावड्याने वरचा सुकलेला भाग खरवडून काढावा. साधारण मातीत वर काळपट आणि खाली हळूहळू फिकट असा उतरता क्रम दिसतो, इथे तसं काही नसतं. वीसेक सेंमी फिकट तपकिरी पोयटा (वाळू, बारीक गाळ आणि चिकणमातीची मिसळ), खाली बोटभर जाडीचा वाळूचा पट्टा, त्याखाली गुळगुळीत चिकणमाती, मग पुन्हा वाळू आणि मध्येच एखादी बारीक गोट्यांची ओळ. वाळू आणि गोटे म्हणजे पाणी जोरात होतं, चिकणमाती म्हणजे पाणी साचून निवळलं, इतकं सरळ वाचता येतं. मीटरभर खाली एकदम काळसर पट्टा लागतो, त्यात बारीक मुळ्यांच्या नळ्या आणि कधी कोळशाचे कण असतात, तो म्हणजे कधीकाळचा पृष्ठभाग, जो गाळाखाली गाडला गेला. म्हणूनच सेंद्रिय कर्ब खोलीप्रमाणे नीट कमी होत न जाता वरखाली होतो, आणि फ्लुव्हेंट ओळखायची एक मुख्य खूण हीच आहे. सेंद्रिय पदार्थ तसे एकूणच कमी, बऱ्याच ठिकाणी एक टक्क्याच्या आत, त्यामुळे कोरडी असताना माती अगदी फिकी दिसते आणि पाण्याचा फवारा मारला की रंग दोन छटांनी गडद होतो. पोत बघायला चिमूटभर माती ओली करून अंगठा आणि बोटामध्ये दाबत पट्टी काढतात. वाळूची पट्टी होतच नाही, पोयट्याची थोडी होऊन तुटते आणि चिकणमातीची लांबच लांब निघते.

त्याच काठावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकले की बहुतेक ठिकाणी फसफसतं, कारण चुना. पाऊस इतका कमी की चुना धुऊन खोल जातच नाही, थोडा खाली उतरतो आणि पाणी संपलं की तिथेच बसतो. सुरुवातीला मुळांच्या नळ्यांत पांढरे धागे, गोट्यांच्या खालच्या बाजूला पातळ लेप, मग गाठी, आणि फार जुन्या मातीत सलग कडक थर. न्यू मेक्सिकोतल्या वाळवंटी मातीवर काम करून गाइल, पीटरसन आणि ग्रॉसमन यांनी १९६६ मध्ये या बदलाचे चार टप्पे मांडले आणि आजही गाळाच्या पंख्यांचं आणि ओढ्याकाठच्या पायऱ्यांचं सापेक्ष वय त्यावरून काढतात. ताज्या गाळात पहिल्या टप्प्यापुढे सहसा काही दिसत नाही. सामू (पीएच) बहुधा ७.४ ते ८.४ मध्ये, म्हणजे अल्कधर्मी, आणि अशा सामूला लोह, जस्त, स्फुरद असूनही झाडाला सहज मिळत नाहीत.

खरी डोकेदुखी क्षारांची. भूजल वर असलं की पाणी केशाकर्षणाने चढतं, उडून जातं आणि मीठ पृष्ठभागावर राहतं. पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या, म्हणजे संपृक्त अर्काची विद्युत वाहकता ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेली की जमीन क्षारयुक्त धरतात, आणि सोडियमचं शोषण गुणोत्तर (कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या मानाने सोडियम किती ते) १३ च्या वर असेल तर ती चोपण. दोन्हींत घोळ करू नये, कारण चोपण जमिनीत मातीचे कण सुटे होऊन छिद्रं बुजतात, पाणी मुरत नाही, आणि जिथून कसंबसं मुरतं तिथे आतून पोखरत बोगदे तयार होतात. वरून सपाट दिसणारी जमीन जनावराच्या पायाखाली अचानक खचते ती यामुळे.

आता पाणी, कारण या मातीचं सगळं मोल त्यात आहे असं माझं मत. शेजारच्या उतारावर पडतो तेवढाच पाऊस इथेही पडतो, पण वरच्या बाजूचं वाहून आलेलं पाणी इथे पसरतं, म्हणजे आकाशातून पडतं त्यापेक्षा जास्त पाणी या मातीला मिळतं. वर थरांची गंमत. बारीक पोयट्याखाली जाड वाळू असेल तर पाणी लगेच खाली जात नाही, बारीक थर जवळजवळ भरल्याशिवाय ते वाळूत उतरतच नाही, त्यामुळे असा थरांचा पोयटा एकसारख्या पोयट्यापेक्षा जास्त ओल धरून ठेवतो. ढोबळ हिशोब केला तर दीड मीटर खोल पोयट्यात झाडांना वापरता येईल असं २० सेंमीच्या आसपास पाणी मावतं, अर्थात ते भरायला पूर यावा लागतो. आणखी एक उलटी गोष्ट म्हणजे कोरड्या प्रदेशात वालुकामय माती चिकणमातीपेक्षा जास्त गवत देऊ शकते, कारण वाळूत पाणी पटकन खोल जातं आणि बाष्पीभवनापासून वाचतं. परिसंस्थांचे अभ्यासक इमॅन्युएल नॉय-मेइर यांनी १९७३ मध्ये हे मांडलं होतं. वार्षिक पाऊस ३०० ते ५०० मिमीच्या पुढे गेला की मात्र हे गणित पुन्हा उलटतं.

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या ग्रेट बेसिन या कोरड्या प्रदेशात हे सगळं झाडांवरून दिसतं. खोल, गोड्या गाळावर सेजब्रशची उंच झुडपं आणि बेसिन वाइल्डराय नावाचं पुरुषभर उंचीचं झुबक्यांचं गवत, आणि खारवट भाग आला की ग्रीजवुड हे झुडूप. ग्रीजवुडची मुळं भूजलापर्यंत जातात, पानांत सोडियम साठतो आणि पानगळ झाली की झुडपाखालचीच माती आणखी खारट होते. वाइल्डरायचं वाढीचं टोक जमिनीपासून वर असतं म्हणून वसंतात जनावरं सोडली की ते फार लवकर मार खातं, आणि मोकळ्या जागेत चीटग्रास हे युरेशियातून आलेलं वार्षिक गवत घुसतं, जे लवकर वाळतं आणि आग पसरवतं.

जनावरं इथेच गोळा होतात हे ओघानंच आलं, पाणी, सावली, हिरवा चारा सगळं इथे. ओल्या पोयट्यावर खुरं पडली की माती घट्ट दबते. झुडपांमधल्या उघड्या जागी नीलहरित शैवाल, शेवाळ आणि दगडफुलांचा जो जिवंत पापुद्रा असतो, जो कण बांधून ठेवतो आणि थोडा नत्रही जमवतो, तो कोरडा असताना तुडवला की पार चुरा होतो.

पण चराईने मातीचं होतं त्याहून मोठं नुकसान ओढ्याचं पात्र खोल गेल्याने होतं. साधारण १८६५ ते १९१५ या काळात अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात कितीतरी दऱ्यांमधले उथळ ओढे काही मीटर खोल घळींमध्ये बदलले, न्यू मेक्सिकोतली रिओ प्वेर्को नदी हे त्यातलं प्रसिद्ध उदाहरण. कारण अति चराई की बदललेला पाऊस की गाळ साठणं आणि कापलं जाणं हे चक्रच मुळात असं असतं, यावर भूशास्त्रज्ञांचा वाद अजून मिटलेला नाही. परिणामावर मात्र वाद नाही. पूर घळीतच राहतो, काठावर पसरत नाही, भूजल खाली जातं, आणि मातीचा पोत, थर, चुना सगळं होतं तसंच असताना ओलाव्याचं गवत जाऊन रखरखीत झुडपं येतात. नकाशात मातीचं नाव जुनंच राहतं, त्यामुळे नुसत्या मातीच्या नावावरून किती जनावरं पोसतील हे ठरवणाऱ्याची इथे हमखास फसगत होते. पूर अजून काठावर येतो का, हे आधी बघायला हवं.

उलट बाजूने हेच तत्त्व वापरलेलंही आहे. न्यू मेक्सिकोतल्या झुनी लोकांनी पंख्यांच्या तोंडाशी, जिथे पाणी आपोआप पसरतं तिथेच, शेकडो वर्षं मका पिकवला, पुराबरोबर येणारा काडीकचरा आणि बारीक गाळ हेच त्यांचं खत. आता कुरणांत उथळ ओहळांमध्ये एका दगडाच्या उंचीचे बांध आडवे घालतात, ज्याने पाणी अडत नाही पण मंदावतं, गाळ बसतो आणि त्यात गवत धरतं. हे चालतं ते घळ लहान असताना. दोन-तीन पुरुष खोल गेलेल्या घळीला असले बांध पुरत नाहीत, तिथे आधी घळीचा वरच्या बाजूला सरकणारा तुटका माथा दगडांनी बांधून थांबवतात, नाहीतर प्रत्येक पुरात तो वरच्या चांगल्या गाळात आणखी घुसत जातो.