जुन्या हॅम (हौशी रेडिओ) रिसीव्हरमधील नॉइज ब्लँकर : दोषशोधन

वाहनाच्या स्पार्क प्लगमधून किंवा विजेच्या तारांवरील ठिणग्यांतून येणारी तीव्र, क्षणिक खरखर ओळखून तेवढ्या क्षणापुरती सिग्नलची वाट बंद करणाऱ्या सर्किटला नॉइज ब्लँकर म्हणतात. आयएफ टप्प्यावर (रिसीव्हरच्या आतील मधल्या, ठरावीक फ्रिक्वेन्सीच्या टप्प्यावर) चालणारे असे सर्किट अमेरिकेत जेम्स लॅम्ब यांनी १९३६ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे केनवूड टीएस-५२० सारख्या रेडिओ संचांत ते नेहमीचे झाले. यात खरखरीचा पल्स (क्षणिक झटका) वाढवून ओळखणारा नॉइज ॲम्प्लिफायर आणि सिग्नल अडवणारे डायोडचे गेट असे दोन भाग असतात. गेट हव्या त्या स्टेशनचा अरुंद पट्टा निवडणाऱ्या क्रिस्टल फिल्टरच्या आधी ठेवावे लागते, कारण फिल्टरमधून जाताना मायक्रोसेकंदांचा पल्स मिलिसेकंदांच्या घरात लांबतो आणि मग तो कापायचा तर सिग्नलही कापला जातो.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी खरखर कोणत्या जातीची आहे ते ऐकावे. स्विच-मोड पॉवर सप्लायच्या सलग सळसळीपुढे धडधाकट ब्लँकरही फारसा चालत नाही. त्याचप्रमाणे ब्लँकर चालू करताच शेजारच्या जोरदार स्टेशनचे बोलणे फाटून इकडे पसरल्यासारखे वाटले, तर तो बहुधा बिघाड नसतो. फिल्टरच्या आधीचा रुंद पट्टा पाहणारे हे सर्किट त्या स्टेशनच्या आवाजाच्या चढउतारांनाच पल्स समजते.

खरा दोष शोधताना सर्किटचे दोन भाग वेगळे तपासणे सर्वांत शहाणपणाचे. अनेक संचांत ब्लँकर बंद असतानाही सिग्नल गेटमधूनच जातो, त्यामुळे ग्रहणच मंदावले असेल तर गेटचे डायोड आणि त्यांचे बायस व्होल्टेज (त्यांना चालू-बंद ठेवणारे स्थिर व्होल्टेज) आधी मोजावे. ग्रहण उत्तम आहे, पण खरखर घटत नाही, अशा वेळी जवळ कम्युटेटरची (ब्रशपाशी ठिणग्या पाडणारी) मोटर चालवून गेटच्या नियंत्रण बिंदूवर ऑसिलोस्कोप लावावा. तिथे पल्स दिसत असतील तर दोष गेटमध्ये असतो. दिसत नसतील तर नॉइज ॲम्प्लिफायरच्या शेवटी पल्स ओळखणाऱ्या डिटेक्टरकडून मागे सरकत ट्रान्झिस्टरची व्होल्टेज आणि एजीसीवरचे (गेन म्हणजे सिग्नल वाढवण्याचे प्रमाण आपोआप सांभाळणाऱ्या सर्किटमधले) इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर तपासावेत. दशकानुदशके पडून राहिलेल्या संचात हे कपॅसिटर सुकलेले किंवा गळके असतात आणि गळतीमुळे ॲम्प्लिफायरचा गेन बिघडतो. व्हॉल्व्हच्या संचात मात्र प्लेटचे शेकडो व्होल्ट वीज काढल्यावरही वीजपुरवठ्याच्या फिल्टर कपॅसिटरमध्ये टिकतात, म्हणून ते रेझिस्टरमधून उतरवल्याशिवाय आत हात घालू नये.

आयएफ ट्रान्सफॉर्मरचे फेराइट कोअर सर्वांत शेवटी, तेही प्लास्टिकच्या योग्य मापाच्या हत्याराने फिरवावेत. लोखंडी पेचकसाने जुना ठिसूळ कोअर तडकतो आणि तसाच ट्रान्सफॉर्मर मिळणे कठीण असते.