पोर्शे ९११ : टायमिंग चेन टेन्शनर

पोर्शे ९११ या जर्मन स्पोर्ट्‌स कारच्या हवेने थंड होणाऱ्या सहा सिलिंडरी इंजिनात कॅमशाफ्टच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांच्या, साखळ्या ताठ ठेवणारा सुटा भाग म्हणजे टायमिंग चेन टेन्शनर. इंजिनाला साखळ्या दोन, म्हणून टेन्शनरही दोन. भाग मुठीत मावेल एवढाच असतो. पण तो निकामी झाला की साखळी ढिली पडते, स्प्रॉकेटचे (दातेरी चाकाचे) दात सोडते आणि उघडा व्हॉल्व्ह वर येणाऱ्या पिस्टनवर आपटून वाकतो. १९८३ पर्यंतच्या ९११ गाड्यांचा हा सर्वांत बदनाम दोष आहे. दोषाची जबाबदारी मात्र एकट्या टेन्शनरची नाही, आणि दुरुस्तीत बहुतेक चुका होतात त्या इथेच.

ही गाडी १९६३ मध्ये फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात ९०१ या नावाने प्रथम दिसली. पोर्शेचे अभियंते हान्स मेत्सगर यांचा मोठा वाटा असलेले तिचे इंजिन आडवे असते : तीन सिलिंडर डावीकडे, तीन उजवीकडे. प्रत्येक बाजूच्या हेडवर एकेक कॅमशाफ्ट असतो. पिस्टन ज्याला फिरवतात त्या क्रँकशाफ्टखालचा एक मधला शाफ्ट गिअरने फिरतो आणि त्याच्या टोकाच्या दोन स्प्रॉकेटांवरून दुपदरी साखळ्या दोन्ही बाजूंना जातात. इंजिन गाडीच्या मागच्या टोकाला असल्याने साखळ्यांची घरेही अगदी मागे येतात. प्रत्येक घरात साखळीला वाट दाखवणाऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, एक आर्म आणि आर्मच्या टोकाला मोकळे फिरणारे एक स्प्रॉकेट असते. टेन्शनर त्या आर्मला रेटतो आणि स्प्रॉकेट साखळीच्या सैल पदरावर दाबले जाते. दोन्ही साखळ्या एकाच शाफ्टवरून एकाच दिशेने फिरतात. त्यामुळे सैल पदर एका बाजूला वर असतो, तर दुसऱ्या बाजूला खाली. डावा आणि उजवा आर्म एकमेकांच्या जागी बसत नाहीत.

इथे नुसती स्प्रिंग का चालत नाही, हे समजले की पुढचे सगळे समजते. इंजिन तापले की सिलिंडर आणि हेड प्रसरण पावतात, कॅमशाफ्ट मधल्या भागापासून दूर सरकतो आणि साखळी आपोआप ताणली जाते. त्या वेळी टेन्शनरच्या दांड्याने थोडे आत जायला हवे. पण हे आत जाणे सावकाश व्हायला हवे. साखळीच्या प्रत्येक झटक्याला दांडा दबू लागला तर ताणाला अर्थ उरत नाही. म्हणून स्प्रिंगच्या जोडीला तेल असते. दांडा बाहेर येताना तेल एका झडपेतून सहज आत शिरते. उलट जाताना झडप बंद होते आणि तेलाला बारीक फटीतून झिरपावे लागते. जुन्या टेन्शनरात हे तेल त्याच्या स्वतःच्या पोटात साठवलेले असे. सील कडक झाले, तेल गळाले, आत हवा शिरली की उरते ती फक्त स्प्रिंग. बोटाने दाबल्यावर दांडा सहज आत जाऊन पुन्हा उसळू लागला, तर तो टेन्शनर संपला असे समजायचे.

आता आर्म. जुना आर्म अरुंद बुशवर, म्हणजे खिळीवर बसणाऱ्या धातूच्या नळीवर, झुलतो. बुश झिजले किंवा खिळीवर कोरडे पडले की आर्म किंचित कलतो आणि अडखळतो. अडखळणाऱ्या आर्ममागचा टेन्शनर सरळ रेषेत हलू शकत नाही. त्याच्यावर तिरका भार येतो आणि सील त्यानेच जातात. असे कित्येक ‘खराब’ टेन्शनर खरे तर आर्मनेच मारलेले असतात. कंपनीने १९८० च्या मॉडेलपासून रुंद बुशचा आर्म दिला तो याच कारणाने. जुन्या अरुंद आर्मवर नवा टेन्शनर चढवणारी दुरुस्ती अर्धीच म्हणायची, मग टेन्शनर कितीही महागाचा असो.

मूळ दोषावर उतारा आला ९११ च्या १९८४ च्या कॅरेरा ३.२ या मॉडेलमध्ये. कॅमशाफ्टला तेल नेणाऱ्या नळीला फाटा काढून इंजिनाचे दाबाखालचे तेल थेट टेन्शनरला दिले गेले. स्प्रिंग राहिली, पण पोटातले तेल संपण्याची भीती गेली, कारण गळेल तेवढे मागून येत राहते. जुन्या इंजिनांसाठीही हा संच मिळू लागला. त्यात नव्या नळ्या असतात आणि नळी आत घेण्याची सोय असलेली साखळीघराची झाकणेही असतात. ९११ एससीच्या, म्हणजे १९७८ ते १९८३ च्या बऱ्याच गाड्यांना तो आज बसवलेला दिसतो. गाडीमागे वाकून झाकणात शिरणारी बारीक नळी दिसते का, एवढे पाहिले की गाडीत कोणते टेन्शनर आहेत ते कळते.

स्वस्तातला दुसरा उपाय कॉलरचा. टेन्शनरच्या दांड्यावर धातूची चकती आवळून बसवतात. तेल गेले तरी दांडा ठरावीक मर्यादेपलीकडे आत जात नाही आणि साखळी दात सोडण्याइतकी सैल होत नाही. कॉलर दुरुस्ती नव्हे, विमा आहे. तो फार जवळ आवळला तर तापलेल्या इंजिनात दांड्याला आत जायला जागाच उरत नाही; साखळी तारेसारखी ताणते आणि पट्ट्या, स्प्रॉकेट, बेअरिंग यांवर भार येतो. शर्यतीच्या इंजिनांत कधी कधी टेन्शनर काढून स्क्रूने ताण देणारा ठोकळा बसवतात. तो थंड इंजिनाला सैल ठेवावा लागतो, म्हणून सुरुवातीला साखळी वाजते. रोजच्या गाडीत ते कशाला, असा प्रश्न पडतो.

लक्षणे बहुधा कानाने कळतात. गाडीच्या मागून एकाच बाजूने कोरडी खडखड येते आणि पेडल सोडल्यावर, वेग उतरताना ती जास्त ऐकू येते. लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक साखळीघराच्या झाकणाला आणि मूठ कानाला लावली की बाजू निश्चित होते. तेलाच्या दाबाचे टेन्शनर असतील तर गाडी बरेच दिवस उभी राहिल्यावर सुरुवातीचे काही सेकंद आवाज येतो. तेल खाली उतरलेले असते. दाब आल्यावर तो थांबत असेल तर घाबरण्याचे कारण नाही. गरम इंजिनाला येणारा आणि वाढत जाणारा आवाज मात्र टाळू नये. पण टेन्शनरला दोष देण्याआधी व्हॉल्व्हची फट तपासावी. या इंजिनात ती थंड असताना ०.१ मिमी असते, आणि सैल रॉकरची (कॅम आणि व्हॉल्व्ह यांमधल्या तरफेची) टिकटिक पुष्कळदा चेनच्या नावावर खपते. सायलेन्सरच्या जोडातली गळतीही तसेच फसवते. जोरात खडखड सुरू झाली तर इंजिन त्याच जागी बंद करावे. ‘गॅरेजपर्यंत नेऊ हळूहळू’ या विचाराने बारा व्हॉल्व्ह पणाला लागतात.

काम इंजिन न उतरवता होते. सायलेन्सर आणि मागचे पत्रे काढून झाकणांपर्यंत पोहोचता येते, फक्त हात वाकडे करावे लागतात. क्रँकच्या पुलीवरची झेड-१ ही खूण क्रँककेसच्या जोडरेषेवर आणून पहिला सिलिंडर स्फोटाच्या स्थितीत ठेवायचा. मग एका वेळी एकच बाजू उघडायची. टेन्शनर काढण्यापूर्वी आर्म पाचर लावून किंवा पकडीने रेटून धरायचा, कारण सैल साखळी कॅमच्या स्प्रॉकेटवर एक दात सरकायला क्षण लागत नाही, आणि सरकलेली दिसतेच असे नाही. आर्म खिळीवरून काढून पुसावा, बुश पाहावे. हाताने फिरवल्यावर तो कुठेही अडता कामा नये. पट्ट्या तडकल्या असतील तर बदलाव्यात. घराच्या भिंतीवर साखळीने कापलेली चर दिसली तर ती बरेच दिवस मोकळी फटके मारत होती हे उघड आहे, आणि तेलात प्लॅस्टिकचे तुकडे शोधायलाच हवेत.

जुन्या पद्धतीचा नवा टेन्शनर बसवण्यापूर्वी शेकंज्यात उभा धरून अगदी सावकाश दाबतात आणि दबलेल्या स्थितीत तारेच्या खिळीने अडकवतात. घाईने दाबला तर आतली झडप किंवा सील दुखावते. नट आवळल्यावरच खिळी ओढायची. खिळी आतच विसरून झाकण लावल्याचे प्रकार घडतात, म्हणून काढलेली खिळी समोर ठेवूनच झाकण उचलावे.

साखळी हलल्याचा संशय असेल, किंवा स्प्रॉकेट सुटे केले असेल, तर टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ, पुन्हा लावण्याला पर्याय नाही. पहिल्या सिलिंडरच्या इनटेक व्हॉल्व्हवर डायल गेज (बारीक हालचाल मोजणारे घड्याळी मापक) लावून, ०.१ मिमी फट ठेवून इंजिन एक पूर्ण फेरा फिरवतात आणि झेड-१ पुन्हा जुळल्यावर व्हॉल्व्ह किती उघडला ते वाचतात. कॅरेरा ३.२ साठी हा आकडा १.१ ते १.४ मिमी, दोन लिटरच्या जुन्या ९११ एसच्या तिखट कॅमसाठी ५.० ते ५.४ मिमी. आकडा चुकला तर कॅम आणि स्प्रॉकेट यांना जोडणारी पिन दुसऱ्या भोकात घालतात. दोन्हींवरच्या भोकांची संख्या वेगळी असल्याने अगदी बारीक फरक साधता येतो. मग आणखी एक फेरा देऊन उजव्या बाजूचा चौथा सिलिंडर तसाच मोजायचा. इंजिन फिरवायचे ते नेहमी पुलीकडून पाहता घड्याळाच्या दिशेने. मध्ये हाताला ठाम अडथळा लागला तर पान्यावर जोर करू नये. व्हॉल्व्ह पिस्टनला टेकलेला असतो. शेवटी स्पार्क प्लग काढलेले ठेवून हाताने दोन पूर्ण फेरे द्यावेत, मग इग्निशन तोडून तेलाचा दाब दिसेपर्यंत स्टार्टर मारावा, आणि प्लग त्यानंतर लावावेत.