नखाएवढी चूल आणि लॅपटॉपचा वेग

बारावीचे निकाल लागले की कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या दुकानांत लॅपटॉप पाहायला पालक-मुलांची ये-जा वाढते आणि चौकशी बहुतेक वेळा रॅम किती, स्टोरेज किती आणि किंमत किती एवढ्यावर संपते. आत तयार होणारी उष्णता बाहेर कशी पडणार, हे सहसा कोणी विचारत नाही. वास्तविक वर्ष-दोन वर्षांनी ‘लॅपटॉप स्लो झाला’ अशी जी तक्रार ऐकू येते, तिचे मूळ पुष्कळदा तिथेच असते.

पातळ लॅपटॉपमधला प्रोसेसर साधारणपणे १५ वॅट वीज सतत वापरेल अशा बेताने बनवलेला असतो आणि जड काम आले की थोडा वेळ त्याहून बरीच जास्त वीज ओढतो. ही सगळी वीज अखेर उष्णताच होते, आणि तीही अंगठ्याच्या नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यात. ही उष्णता वाहून नेणारी तांब्याची चपटी नळी हा मला लॅपटॉपमधला सर्वांत देखणा भाग वाटतो. नळीतली हवा काढून टाकून तिच्यात अगदी थोडे पाणी सीलबंद केलेले असते. आतला दाब कमी असल्यामुळे ते १०० अंशांच्या पुष्कळ आधीच उकळते, त्याची वाफ दुसऱ्या टोकाला जाऊन तिथल्या पातळ पत्र्यांना उष्णता देते, आणि थंड झालेले पाणी नळीच्या सच्छिद्र अस्तरातून, समईच्या वातीत तेल चढावे तसे, पुन्हा प्रोसेसरकडे परतते. पंख्याचे काम एवढेच, की त्या पत्र्यांच्या फटींतून हवा ढकलत राहायचे. फटी बुजल्या की तापमान ९५ ते १०० अंशांपर्यंत चढते आणि प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःच आपला वेग उतरवतो. वापरणाऱ्याला मात्र वाटते, की यंत्र म्हातारे झाले.

माझ्या भाचीचा दोन वर्षांचा लॅपटॉप उघडला तेव्हा पंख्याची पाती वरवर स्वच्छ दिसत होती. पंखा सोडवून बाजूला घेतल्यावर पत्र्यांच्या तोंडाशी राखाडी नमद्यासारखा सलग थर निघाला, चिमट्याने एका तुकड्यात उचलता येईल इतका घट्ट. गादीवर ठेवून अभ्यास करण्याच्या सवयीने कापसाचे तंतू आत ओढले गेले होते आणि खालची जाळी झाकली जात होती, ते वेगळेच. टेबल नसेल तर निदान पाट तरी घ्यावा. शिरोली एमआयडीसी किंवा उद्यमनगराच्या आसपास राहणाऱ्यांनी, तसेच गळीत हंगामात अंगणात काळी राख पडते अशा गावांतल्या लोकांनी ही सफाई वर्षातून एकदा करून घ्यावी, कारण फाउंड्रीच्या, म्हणजे धातूच्या ओतकाम कारखान्याच्या, धुळीत धातूचे कणही असू शकतात आणि ते वीजवाहक असतात. ब्लोअरने हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. ते मोकाट फिरले तर बेअरिंग खराब होऊ शकते.

नवा लॅपटॉप पहिल्या दिवशी गरम होतो आणि पंखा घोंघावतो, त्याने घाबरून जाऊ नये. अपडेट उतरत असतात आणि फायलींची सूचीही मागे तयार होत असते. ते सगळे संपू द्यावे, एकदा रीस्टार्ट करावा आणि मगच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजरमधले स्टार्टअपचे पान पाहावे. तिथे आपण न मागितलेले जे जे आपोआप सुरू होत असेल ते बंद करावे. मुदतीचा अँटिव्हायरस सोबत आलेला असेल आणि तो पुढे विकत घ्यायचा नसेल, तर काढून टाकावा. विंडोजमधला डिफेंडर घरगुती वापराला पुरतो.

बॅटरीबद्दल विक्रेत्याने भाचीला बजावले होते, की पहिल्यांदा आठ तास चार्ज करायची आणि पुढे दर वेळी पूर्ण उतरवूनच लावायची. हा सल्ला निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातला आहे. आता लॅपटॉपमध्ये असते ती लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली, तिच्या शोधाला २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेलही मिळाले, तरी जुना सल्ला दुकानातून हललेला नाही. या बॅटरीला पूर्ण रिकामे होणे मानवत नाही आणि पूर्ण भरलेल्या अवस्थेत तापत राहणेही मानवत नाही, कारण तशा स्थितीत तिच्या आतल्या नको त्या रासायनिक क्रिया वेग घेतात आणि क्षमता कायमची घटते. लॅपटॉप दिवसभर चार्जरवरच राहत असेल तर कंपनीच्या सेटिंगमध्ये, सोय असल्यास, ८० टक्क्यांची मर्यादा लावावी.

एसएसडीचे, म्हणजे फायली साठवणाऱ्या चिपांच्या डिस्कचे, दुखणे निराळे आहे. तिच्यात लिहिणे लहान पानांत होते, पण पुसावे लागते ते अनेक पानांचा अख्खा ब्लॉक मिळून; त्यामुळे जागा काठोकाठ भरली की लिहिण्याआधी आतली हलवाहलव वाढते. पंधरा-वीस टक्के जागा मोकळी असू द्यावी आणि डीफ्रॅग, म्हणजे फायलींचे विखुरलेले तुकडे सलग मांडण्याच्या, फंदात पडू नये.

जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे हवा पाण्याने जड झालेली असते. पुण्याहून एसी बसने पहाटे उतरल्यावर गार पडलेला लॅपटॉप लगेच उघडला, तर फ्रिजमधून काढलेल्या तांब्यावर जसे पाणी धरते तसे त्याच्या धातूवरही धरू शकते. घरी पोहोचल्यावर तो पाऊण तास बंद बॅगेतच राहू द्यावा. तेवढ्यात चहा होतो.