मुरगाव बंदर, भंगार आणि किरणोत्सार टिपणारे खांब : पार्श्वभूमी

मुरगाव बंदराचे नाव निघाले की गोव्यात बोलणे खनिज आणि कोळशावरच जाते. भंगार मागे पडते. 2015 च्या व्यापार धोरणात, परदेशी भंगार ज्या ठरावीक बंदरांतूनच उतरवता येईल त्यांच्या यादीत मुरगावही होते. सोबत अट होती: 31 मार्च 2017 पर्यंत किरणोत्सार टिपणारे खांब आणि कंटेनर स्कॅनर बसवा. मुदत पुढे वाढली, मग परत वाढली. फाईल देशाच्या सुरक्षेची असली तरी तिलाही तारखा पडतातच.

भंगारावरच्या कडक नियमांची सुरुवात 2004 सालची, आणि तिचा किरणोत्साराशी संबंध नव्हता. गाझियाबादजवळच्या एका पोलाद कारखान्यात आयात भंगारातल्या तोफगोळ्यांचा स्फोट झाला, कामगार मेले, आणि माल जहाजावर चढण्यापूर्वीच तपासल्याचा दाखला सक्तीचा झाला. दाखला मागितला गेला तो 'अनश्रेडेड' मालासाठी, म्हणजे तुकडे न केलेल्या, सुट्या किंवा दाबून गठ्ठे केलेल्या भंगारासाठी. श्रेडेड माल मोकळा. तोफगोळ्यांपुरते हे पटण्यासारखे आहे. श्रेडरच्या, म्हणजे तुकडे करणाऱ्या यंत्राच्या दातांतून अख्खा गोळा बाहेर पडत नाही. पण त्याच दाखल्यात गॅमा आणि न्यूट्रॉन या किरणोत्साराच्या प्रकारांची पातळी तपासल्याची ओळही आली, आणि खरा घोळ तिथे आहे. कोबाल्ट-60 या किरणोत्सारी धातूचे तुकडे केले म्हणून त्याचा किरणोत्सार कमी होत नाही. एका जागी असलेला स्रोत उलट मालभर पसरतो. स्फोटकांसाठी मारलेली रेघ किरणोत्सारालाही लागू झाली. श्रेडर चालवणारे आपला माल आधी तपासूनच घेतात, असे यावर म्हणता येईल. तेही खरे, पण मग तो भरवसा झाला, तपासणी नव्हे.

खांबांचे काम तसे साधे. दोन खांबांमधून ट्रक न थांबता, हळूहळू पुढे सरकतो. आत प्लॅस्टिकच्या जाड फळ्या असतात. गॅमा किरण आदळला की त्यात क्षणभर बारीक प्रकाश चमकतो आणि तो मोजला जातो. भरलेला ट्रक आजूबाजूच्या जमिनीचा नैसर्गिक किरणोत्सार अडवतो, म्हणून साध्या मालाचा आकडा आधी खालीच उतरतो. फळी 'काहीतरी आहे' एवढेच सांगते. पोटॅश खत, लाद्या, ग्रॅनाइट यांनीही घंटा वाजते. त्यांतले किरणोत्सारी पोटॅशियम-40 गोव्यातल्या मयड्याच्या केळ्यांतही असते. चार फण्यांनी खांब बोंबलणार नाही इतकेच. मग हातातले यंत्र घेऊन ट्रकभोवती फिरायचे. पडद्यावर किरणांच्या ऊर्जेचा आलेख येतो; त्यात 1460 किलो इलेक्ट्रॉन व्होल्टला शिखर दिसले तर पोटॅशियम, ट्रक सुटला. 1173 आणि 1332 अशी जोडी उभी राहिली तर कोबाल्ट. बाँबसाठी लागणारे समृद्ध युरेनियम मात्र 186 वर पुटपुटते आणि शिशाच्या पातळ पत्र्यानेही गप्प बसते. ज्याच्या भीतीने पैसा खर्च होतो, नेमके तेच पकडायला सर्वांत अवघड.

असे खांब भंगारालाही हवेत हे कळले ते योगायोगाने. जानेवारी 1984 मध्ये मेक्सिकोतल्या सळ्या नेणारा ट्रक अमेरिकेत लॉस अलामोसला वाट चुकला आणि तिथल्या अणुप्रयोगशाळेची घंटा वाजली. सळ्यांत कोबाल्ट वितळलेला होता. 1991 नंतर सोव्हिएत अणुमाल चोरून विकला जाण्याची धास्ती आली, 2001 नंतर दहशतवादाची, आणि हेच यंत्र 'अवैध वाहतूक' पकडायला सीमेवर जाऊन बसले. 2002 आणि 2003 मध्ये अमेरिकेतल्या एका वाहिनीने सुमारे 7 किलो क्षीण युरेनियम (बाँबला लागणारा भाग बहुतेक काढून घेतलेले) कंटेनरमधून अमेरिकेच्या बंदरात नेऊन दाखवले. कोणी अडवले नाही.

आपल्याकडच्या घटना वेगळ्याच. 2008 मध्ये फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट सापडला. पोलाद भारतातून गेलेले. 2010 मध्ये दिल्लीच्या मायापुरीत भंगारातल्या कोबाल्टने एक जण दगावला. तो कोबाल्ट ज्यात होता ते यंत्र एका विद्यापीठात 1985 पासून वापराविना पडून होते आणि रीतसर लिलावात विकले गेले होते. 'अवैध वाहतूक' हा शब्द इथे कुठे बसवायचा? बंदराचा तर प्रश्नच नव्हता.

गोव्यात कुंकळ्ळीच्या औद्योगिक वसाहतीत पोलादाचे कारखाने आहेत. राज्याच्या सीमेवरच्या मोले किंवा पत्रादेवी नाक्यावरून रस्त्याने येणारे भंगार मुरगावच्या गेटशी जात नाही. त्या नाक्यांवर गाडी थांबवली, तर डिकीत शोधतात त्या दारूच्या बाटल्या.