चढाला भ्यायलेली तीनचाकी

उत्तर लंडनमध्ये एका टेकडीवर अलेक्झांड्रा पॅलेस आहे. १० जानेवारी १९८५ रोजी, भर बर्फात, सर क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी तिथे विजेवर चालणारी ‘सी५’ लोकांपुढे आणली. एका माणसापुरती, प्लॅस्टिकच्या अंगाची, ३९९ पौंडांची तीनचाकी. स्वस्त संगणक घरोघरी पोहोचवणाऱ्या माणसाचं हे नवं यंत्र, म्हणून पत्रकारांची गर्दी झाली. त्यांना चालवायला दिलेल्या काही गाड्या जागीच रुसल्या.

त्यात नवल नाही. गाडीत शिसे-आम्लाची १२ व्होल्टची बॅटरी होती आणि थंडीत तिच्यातली रासायनिक क्रिया मंदावते. पारा शून्यावर आला की साधारण पाचवा हिस्सा क्षमता गेलीच म्हणायची. मुहूर्त जानेवारीचा काढणाऱ्याला काय म्हणावं!

पण थंडी उन्हाळ्यात सरली असती. चढ कुठे जाणार?

ब्रिटनच्या १९८३ च्या नियमांनुसार २५० वॅटपर्यंतची मोटर आणि ताशी २४ किलोमीटरपर्यंतचा वेग असलेली, पेडल मारता येणारी तीनचाकी १४ वर्षांच्या मुलालाही चालवता येई. परवाना, विमा, हेल्मेट काहीच नको. सिंक्लेअर यांनी गाडी याच मापात बेतली. आता हिशेब करू. गाडी ४५ किलोची, चालक ७५ किलोचा. दहा मीटरला एक मीटर चढ असेल, तर गुरुत्वाकर्षण सुमारे ११८ न्यूटन जोराने मागे ओढतं. २५० वॅटला त्यावर मात करून फार तर ताशी साडेसात किलोमीटर वेग गाठता येईल, आणि तोही घर्षण शून्य धरून. त्यात गाडीला गिअर नव्हते. मोटर रेंगाळली की जास्त प्रवाह खेचते. प्रवाह दुप्पट झाला की तारांमधली उष्णता चौपट होते. मोटर तापली की संरक्षक यंत्रणा ती बंद करी. मग पेडल मारा! आसन मात्र पुढेमागे सरकत नसे, त्यामुळे उंच माणसाचे गुडघे अवघडायचे.

गाडी वेल्समधल्या हूवरच्या कारखान्यात तयार होई. हूवर कपडे धुण्याची यंत्रंही बनवत असल्याने ‘हिला वॉशिंग मशीनचीच मोटर’ अशी थट्टा पसरली. मोटर इटलीची होती, पण थट्टा टिकली. गाडी इतकी बुटकी, की ट्रकवाल्याला ती दिसेल का, ही धास्ती वेगळीच. दिसावी म्हणून मागे लावायची उंच काठी जादा पैसे मोजून घ्यावी लागे. सुमारे १४,००० गाड्या बनल्या, त्यातल्या जेमतेम ५,००० खपल्या. ऑगस्टमध्ये उत्पादन थांबलं, ऑक्टोबरमध्ये सिंक्लेअर यांची गाड्यांची कंपनी बुडाली.

ब्रिटनमध्ये आज ई-सायकलींनाही २५० वॅटचीच मर्यादा आहे. भारतातही तेवढ्या ताकदीच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या गाडीला नोंदणी लागत नाही. आजची ई-सायकल तेवढ्याच वॅटमध्ये चढ काढते, कारण लिथियम बॅटरी आणि हलक्या सांगाड्यामुळे तिचं वजन जवळपास निम्मं असतं, बहुतेकींना गिअर असतात आणि चालक ताठ बसून पायांचा जोर लावू शकतो.