आयसोटोप म्हटलं की किरणोत्सार? अहो, नाही!

खाडीच्या चिखलातल्या जिवाणूंचा अभ्यास आयसोटोप वापरून करतात म्हटलं, की मुंबईत हमखास विचारतात, "म्हणजे चिखल किरणोत्सारी आहे?" ट्रॉम्बेची अणुभट्टी जवळच असल्यावर शंका यायचीच. पण आयसोटोप म्हणजे एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू, आणि ते सगळेच किरणोत्सारी नसतात. कार्बन-14 असतो, कार्बन-13 नाही. निसर्गातल्या कार्बनमध्ये तो साधारण 1.1 टक्के असतोच, आपल्या वरणभातातसुद्धा.

शिवडीला ओहोटीच्या वेळी चिखलात काठी खुपसा. खालचा गाळ काळा निघतो आणि सडक्या अंड्यांचा वास येतो. तिथे ऑक्सिजन नसतो, म्हणून काही जिवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर श्वसन करतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. (सगळा दोष सांडपाण्याचा नाही, बरं का.) हलक्या गंधक-32 चे बंध किंचित सहज तुटतात, त्यामुळे सल्फाइडमध्ये जड गंधक-34 कमी उतरतो. हा फरक हजारी 70 च्या आसपासही जातो. सल्फाइड लोहाशी जुळून पायराइट बनलं, की ती खूण खडकात कोट्यवधी वर्षं टिकते. मात्र साधारण 100 अंश सेल्सियसच्या वर सल्फेटचं सल्फाइड जिवाणूंशिवायही होतं, तेव्हा नुसता हलका गंधक हा जीवसृष्टीचा पुरावा नव्हे.

दुसरी पद्धत सरळ आहे. गाळाच्या बाटलीत कार्बन-13 वाला मिथेन सोडायचा. कार्बन डायऑक्साइडमध्ये कार्बन-13 वाढला, तर मिथेन खाणारे जिवाणू कामाला लागलेत. हे मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे अणू-रेणू वजनानुसार वेगळे ओळखणाऱ्या यंत्रावर, कळतं. किरणोत्सार मोजावा लागत नाही.