वायफाय स्लो आहे? प्लॅन वाढवायच्या आधी चॅनल बदलून बघा

नमस्कार मंडळी, रात्री जेवणाच्या वेळेला आम्हा इंटरनेट कनेक्शन देणाऱ्यांना सगळ्यात जास्त फोन येतात ते एकाच गोष्टीसाठी, नेट आहे पण व्हिडिओ नुसता गोल गोल फिरतोय, आणि बरेच जण लगेच मोठा प्लॅन द्या म्हणतात. थांबा जरा. लॅपटॉपला राउटरची लॅन केबल लावून स्पीड टेस्ट करा, केबलवर पूर्ण स्पीड येत असेल तर लाइन चांगली आहे, अडचण वायफायची आहे आणि मोठ्या प्लॅनचे पैसे फुकट जातील.

लालबाग-गिरगावच्या चाळीत काय किंवा दहिसरच्या टॉवरमध्ये काय, भिंतीला भिंत लागून घरं, प्रत्येकाचा राउटर वेगळा आणि सगळे २.४ गिगाहर्ट्झवर. ह्या बँडमध्ये (म्हणजे वायफायच्या लहरींच्या पट्ट्यात) एकमेकांवर न चढणारे चॅनल, म्हणजे पट्ट्यातल्या लेन, तीनच, १, ६ आणि ११. एकाच चॅनलवरचे राउटर निदान एकमेकांचं ऐकून आळीपाळीने बोलतात, पण कोणी ३ किंवा ४ लावलं की त्याची १ आणि ६ दोन्हीकडे नुसती गडबड होते, म्हणून मधला मोकळा दिसला तरी घेऊ नका.

बदलायचं कसं, तर मोबाइल घरच्या वायफायला जोडून ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाका (आकडे इंग्लिश कीबोर्डवरचे), उघडलं नाही तर १९२.१६८.०.१, लॉगिन बहुतेक राउटरच्या खालच्या स्टिकरवर असतं. मग वायरलेस किंवा डब्ल्यूलॅन (WLAN, वायफायचंच पान) मध्ये जाऊन चॅनल ऑटो असेल तिथे १, ६, ११ पैकी ज्यावर गर्दी कमी तो निवडा (वायफाय अ‍ॅनालायझर अ‍ॅपमध्ये दिसतं), चॅनल विड्थ (चॅनलची रुंदी) २० मेगाहर्ट्झ ठेवा आणि सेव्ह करा. वायफाय थोडा वेळ जाईल, घाबरू नका.

राउटरला ५ गिगाहर्ट्झचा दुसरा बँड असेल तर टीव्ही आणि लॅपटॉप त्यावरच घ्या, स्पीड खूप चांगला मिळतो, फक्त भिंत आली की लवकर कमी होतो. स्मार्ट बल्ब, जुने प्रिंटर मात्र बहुतेक २.४ वरच चालतात.

आणि एक कळकळीची विनंती, राउटर लोखंडी कपाटावर किंवा टीव्हीच्या मागे कोंबू नका, उघड्यावर आणि उंचावर ठेवा, मायक्रोवेव्हपासून लांब, कारण तोही २.४ च्याच आसपास चालतो.

वायफायच्या सेटिंगमध्ये सिक्युरिटी डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ (WPA2, WPA3) ठेवा, ओपन (बिनपासवर्डचं) किंवा डब्ल्यूईपी (WEP, जुनं कच्चं कुलूप) अजिबात नको. पासवर्डमध्ये मोबाइल नंबर, फ्लॅट नंबर घालू नका, पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क चालू करून द्या.

वॅन किंवा पीपीपीओई (WAN, PPPoE, म्हणजे इंटरनेट लाइनची सेटिंग) लिहिलेल्या पानाला हात लावू नका, आणि मागचं बारीक भोकातलं रिसेटचं बटण पिनने दाबू नका, त्याने आम्ही भरलेलं युजरनेम-पासवर्ड पुसलं जातं आणि आमचा माणूस येईपर्यंत नेट बंद राहतं. नुसतं रीस्टार्ट करायचं असेल तर स्विच बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करा.